झीरो टिकत नाही? साइटचा नॉब फिरवण्याआधी हे तपासा

गणपती उठले की आठवडाभरात माझ्या टेबलावर रायफली यायला लागतात. दहा दिवस घरी पाहुणे, आरत्या, नैवेद्य, सराव बंद. रायफल कव्हरमध्ये, कव्हर कपाटावर आणि बाहेर भाद्रपदाचा पाऊस. मग पहिल्याच सरावाला मूल पाच छर्रे मारतं आणि बघतं तर परवापर्यंत दहाच्या वर्तुळात बसणारा ग्रुप (भोकांचा पुंजका) सातात जाऊन बसलेला. "मावशी, झीरो सरकला." आणि हे सांगेपर्यंत मागच्या साइटचा (नेम धरायच्या भोकाचा) नॉब आठ-दहा क्लिक, म्हणजे आठ-दहा खाचा, फिरवूनही झालेला असतो.

मी इंदूरला कॉलेजात असताना एनसीसीत ०.२२ रायफलीवर (दारूच्या छोट्या गोळीची खरी बंदूक) नेमबाजी शिकले. आता इंदूरलाच लोकमान्य नगरच्या बाजूला एका छोट्या १० मीटर रेंजवर मुलांना शिकवते आणि तिथल्या एअर रायफलींची देखभाल बघते. येणारी मुलं बहुतेक एनसीसी कॅम्पची, पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी, थोडी स्पर्धेतली. पुढे ट्रेनिंगमध्ये हातात कुठलीही रायफल येवो, पाया इथेच पडतो: पकड, नेम, ट्रिगर आणि आपल्या हत्याराची ओळख. झीरो न टिकण्याची तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की तपासण्याचा क्रम आता हातात बसला आहे. तो इथे लिहून ठेवते. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोडा वेळ खाणाऱ्या, मग पाना लागणाऱ्या. शेवटी, कुठे थांबायचं तेही.

नवख्यांसाठी एक ओळ. झीरो म्हणजे तुमची नजर जिथे आणि छर्रा जिथे, ते एक जागी येईल अशी साइटची बसवणूक.

आधी कागद वाचा

रायफलीकडे बघण्याआधी टार्गेटचा कागद उजेडात धरा. दोष कुठल्या जातीचा आहे ते कागदच सांगतो.

ग्रुप घट्ट आहे, पण कालच्या जागी नाही: काहीतरी एकदा हललं आणि नव्या जागी थांबलं. साइट, बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीक पीस (गाल टेकायचा भाग) किंवा तुमची उभं राहायची पद्धत.

ग्रुप घट्ट सुरू होतो आणि दर पाच छर्र्यांनी एकाच दिशेला सरपटत जातो: काहीतरी अजून हलतंच आहे. ढिला स्क्रू, घसरणारी स्लिंग (रायफल दंडाला बांधणारा पट्टा), संपत आलेली हवा.

दोन वेगळे ग्रुप, मध्ये रिकामी जागा: एखादी वस्तू दोन जागांमध्ये डुगडुगते आहे. हा दोष सापडायला सगळ्यात सोपा, आणि घाबरवतो मात्र सगळ्यात जास्त.

ग्रुप उभ्या रेषेत लांबलेला: श्वास, हवेचा दाब किंवा वेगवेगळ्या वेगाच्या गोळ्या.

छर्रे चारी दिशांना पसरलेले: याला झीरो सरकला म्हणायचं नाही, इथे ग्रुपच नाही. छर्रे, बटाचे (रायफल ज्यात बसते त्या लाकडी किंवा धातूच्या दांड्याचे) स्क्रू, नळी किंवा ट्रिगर ओढणारं बोट.

पहिला छर्रा बाहेर, बाकीचे जागेवर: नळीत तेल राहिलं आहे, किंवा हवेच्या रायफलीचा रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) रायफल बंद ठेवल्यावर दाब हळूहळू वर चढवतो आहे.

गेल्या वर्षी राजेंद्र नगरची एक मुलगी आली, बारावीतली. तिचा ग्रुप दर सरावाला खाली-उजवीकडे सरकायचा. ती नॉब फिरवून तो मध्ये आणायची, दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिच्या वहीत लिहिलेलं होतं: सोमवारी ४ क्लिक, बुधवारी ५, शनिवारी पुन्हा ४. वही ठेवली होती म्हणून मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. साइट एकाच दिशेला वारंवार दुरुस्त करावी लागत असेल, तर बिघाड साइटमध्ये असण्याची शक्यता कमीच. पुढे तिच्याकडे परत येते.

पाना उचलण्याआधी

बोल्ट उघडा. चेंबर (नळीत गोळी किंवा छर्रा बसायची जागा) डोळ्यांनी बघा. नळीतून सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची, दोरी आरपार घाला. तोंड टार्गेटकडेच. हे तुम्ही स्वतः करायचं. शेजारच्यानं "खाली आहे" सांगितलं तरी तुम्ही पुन्हा बघायचं. आपल्यापासून जवळच महूला इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत फौजेत राहिलेलं कोणी ना कोणी सापडतं. त्यांना विचारा, हत्यार हातात घेतल्यावर पहिलं काम काय. सगळे हेच सांगतील.

पहिली तपासणी: नॉबला हात न लावता पाच छर्रे

खर्च शून्य. साइटच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. नवा कागद लावा. टेबलावर वाळूची पिशवी किंवा जाड घडी केलेली चादर ठेवून रायफल टेकवा आणि पाच छर्रे मारा. मग त्याच रायफलीवर दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला पाच मारायला सांगा.

दुसऱ्याचा ग्रुप तुमच्या जागी पडणार नाही, ते स्वाभाविक आहे. प्रत्येकाचा गाल आणि डोळा वेगळा बसतो. जागा बघूच नका. ग्रुप किती घट्ट आहे आणि तो सरकतो का, एवढंच बघा. त्याचा घट्ट आणि स्थिर असेल तर रायफल ठीक आहे, पुढचा शोध तुमच्या उभं राहण्यात. दोघांचाही सरकत असेल तर रायफलीत.

ही तपासणी मुलं हटकून टाळतात, कारण नॉब फिरवला की लगेच बरं वाटतं. पण नॉब फिरवल्यानं दोष जात नाही, झाकला जातो. उद्या तोच ढिला भाग आणखी थोडा हलतो, आणि आता दोन गोष्टी बिघडलेल्या असतात: तो भाग आणि तुमचा झीरो.

दुसरी तपासणी: हाताने हलवून बघा

मागची साइट अंगठा आणि बोटात धरून डावी-उजवीकडे ढकला. जोर लावायचा नाही, दाराची कडी बसली का बघतो तेवढाच. मग पुढची साइट. मग तिच्या आतली रिंग. ती बसवणारी चकती बोटानं फिरते का? मग चीक पीस, बट प्लेट, नळीवरची वजनं. चष्मा लावून नेम धरत असाल तर चष्म्याची काचही.

एवढी काळजी का, ते आकड्यात बघा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा आणि दोन वर्तुळांत २.५ मिलिमीटरचं अंतर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरा. मागची साइट ०.१ मिलिमीटर हलली तर छर्रा टार्गेटवर १.२५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्धं वर्तुळ. ०.१ मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची जाडी. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. ५० मीटरवर हीच चूक पाचपट, सव्वासहा मिलिमीटर.

हलणारा भाग सापडला की त्याचा स्क्रू बेताचा घट्ट करा आणि स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या भागावर पांढऱ्या पेन्सिलीनं एक सरळ रेघ ओढा. पुढच्या सरावानंतर रेघ तुटलेली दिसली तर तो पुन्हा फिरला आहे. पाच रुपयांची पेन्सिल आहे, पण माझ्या टेबलावरचं सगळ्यात उपयोगी अवजार तेच.

राजेंद्र नगरच्या त्या मुलीच्या रायफलीवर मी सहा ठिकाणी रेघा ओढल्या आणि तिला २० छर्रे मारायला लावले. पाच रेघा जशाच्या तशा. सहावी, बट प्लेटवरची, काडेपेटीच्या काडीएवढी सरकलेली. बट प्लेटचा स्क्रू थोडा ढिला होता. रायफल दर वेळी खांद्यात घेताना प्लेट केसभर फिरायची, तिच्यासोबत सगळी रायफल उजवीकडे कलायची. तिला कळायचं नाही, कारण मान तेवढीच कलवून ती काळा गोल रिंगमध्ये नीट बसवायची. आता हे लक्षात ठेवा: रायफल उजवीकडे कलली की छर्रा उजवीकडे आणि खाली जातो, डावीकडे कलली की डावीकडे आणि खाली. कारण साइट नळीच्या वर असते आणि नळी तिच्या मानानं किंचित वर रोखलेली असते. सगळी रायफल आडवी झुकली की वरचा तो जोर बाजूला वळतो. स्क्रू घट्ट केला, साइट मूळ आकड्यावर नेली. तिच्या वहीत त्यानंतर तीन महिने क्लिकचा रकाना रिकामा होता.

तिसरी तपासणी: तुम्ही

रायफल पक्की निघाली तर आता स्वतःकडे. मुलांना यात कमीपणा वाटतो. वाटायला नको, कारण हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत आणि ते आयुष्यभर पुरतं.

एनसीसीत उस्तादांनी (फौजी प्रशिक्षकांनी) घोकून घेतलेले तीन शब्द मला अजून त्याच चालीत आठवतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे नेम. मी याच क्रमानं बघते.

पकड. पोझिशन घ्या, रिकाम्या रायफलीनं नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. साइट काळ्या गोलावरून सरकलेली दिसली, तर तुमचं अंग मुळात दुसरीकडे रोखलेलं आहे आणि तुम्ही स्नायूंच्या जोरावर ती ओढून आणता आहात. वीस छर्र्यांनंतर स्नायू थकतात आणि ग्रुप त्यांच्यामागे जातो. अशा वेळी हातानं रायफल ओढायची नाही. उभं राहून मारत असाल तर पाय सरकवा, झोपून मारत असाल तर डाव्या कोपराच्या टेकूभोवती सगळं अंग फिरवा.

झोपून मारताना स्लिंग. स्लिंग दंडावरून खाली घसरली की रायफलीची उंची बदलते. जॅकेटच्या बाहीवर खडूनं खूण करा, दर दहा छर्र्यांनी बघा. स्लिंग फार वर, फार आवळलेली असेल तर नाडीचा ठोका साइटमध्ये दिसतो. ती एक भोक सैल करा आणि थोडी सरकवून बघा.

प्रत्येक पोझिशनचा झीरो वेगळा असतो, हेही समजून घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार: गुडघ्यावर, झोपून, उभं राहून. गाल वेगळा बसतो, खांदा वेगळा दाबतो, म्हणून त्या खेळातले लोक पोझिशन बदलताना साइटचा आकडाही बदलतात आणि तो लिहून ठेवतात. काल तुम्ही टेकून झीरो केला आणि आज उभं राहून मारलंत, तर ग्रुप सरकणारच. तिथे रायफलीनं काही चुकवलेलं नाही.

शिस्त. मागच्या साइटच्या भोकातून बघताना पुढच्या साइटचा गोल बरोबर मध्ये, चारी बाजूंना सारखा उजेड. गाल थोडा मागे-पुढे टेकला की हा उजेड एका बाजूला जास्त होतो. पुढची साइट ज्या बाजूला कललेली दिसते, छर्रा त्याच बाजूला जातो. म्हणून गाल चीक पीसवर कुठे टेकतो तिथे कापडी टेपचा छोटा तुकडा लावा. दर वेळी टेपची कड गालाला लागली पाहिजे. हा उपाय साधा आहे, पण कालच्यापेक्षा आज वेगळ्या जागी पडणारे निम्मे ग्रुप मी एवढ्यानंच परत आणले आहेत.

ट्रिगर. एअर रायफलीत ड्राय फायरची (छर्रा न घालता ट्रिगर दाबायची) सोय असेल तर ती वापरा आणि ट्रिगर सुटताना साइट हलते का बघा. ०.२२ मध्ये रिकामा ट्रिगर मारू नका. ०.२२ रिमफायर आहे, म्हणजे तिची पिन गोळीच्या काठावर मारते; गोळी नसेल तर ती चेंबरच्या काठावर आपटून तिथे खड्डा पडू शकतो. तिथे स्नॅप कॅप (सरावाची खोटी गोळी) वापरा, आणि रायफल संस्थेची असेल तर आधी उस्तादांना विचारा.

चौथी तपासणी: छर्रे आणि गोळ्या

डबी उघडा. खाली शिशाची करडी पूड दिसते? मग छर्रे प्रवासात एकमेकांवर आपटले आहेत. आपली मुलं डबी सॅकमध्ये टाकून बाइकवर येतात, आणि पावसाळ्यानंतरचे इंदूरचे खड्डे काही विचारू नका. छर्र्याची मागची झालर मऊ शिशाची असते. ती वाकली की मागून हवा सारखी बसत नाही आणि छर्रा डगमगत निघतो.

तपासायला आरशाचा तुकडा किंवा खिडकीची काच पुरे. काच थोडी तिरकी धरा आणि छर्रा आडवा ठेवून सोडा. चांगला छर्रा एकसारख्या वळणानं फिरत जातो, वाकलेला मध्ये उडी मारतो किंवा अडखळतो. वीस छर्रे दोन मिनिटांत होतात. अडखळलेले बाजूला काढा, सरावालाही नकोत. ते ग्रुप बिघडवतात आणि मग तुम्ही स्वतःवर अविश्वास ठेवायला लागता, ते नुकसान मोठं.

नवी डबी घेतली का, हेही विचारा. ४.५ मिलिमीटरच्या छर्र्यांत ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे डोक्याचे माप मिळतात. एक नळी एका मापाला घट्ट ग्रुप देते, दुसऱ्याला नाही. डबीवरचा लॉट नंबर वहीत लिहा. ०.२२ लाही हेच, फक्त तिथे फरक जास्त: स्टँडर्ड आणि हाय व्हेलॉसिटी गोळ्या एकत्र मारल्या तर ५० मीटरवर ग्रुप उभा लांबलेला दिसणारच. त्या अंतरावर आणखी एक गोष्ट रेंजवरची वाऱ्याची झेंडी सांगते. उन्हाळ्यात दुपारी माळव्याचा वारा सुटला की ०.२२ ची गोळी आडवी ढकलली जाते. आधी झेंडीकडे बघा, मग रायफलीला दोष द्या.

शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, आणि रेंजवर पोहे-कचोरी खाऊ नका. लहान मुलांच्या अंगात शिसं साचणं चांगलं नाही. यात मी कोणालाही सूट देत नाही.

पाचवी तपासणी: हवा

बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) एअर रायफलींचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. आत रेग्युलेटर असतो, तो छर्र्यामागे सारखाच दाब पाठवतो. पण सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की तो काही करू शकत नाही. वेग घटतो, छर्रे खाली पडतात. सरावाच्या शेवटच्या पंधरा-वीस छर्र्यांत ग्रुप खाली लांबत असेल तर आधी काटा बघा. भरताना हवा गरम होते आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, म्हणून घाईत भरून लगेच आकडा वाचू नका. हळू भरा, थोडा वेळ थांबा, मग वाचा. भरण्याच्या जागी तेल किंवा साधं ग्रीस अजिबात नको. आणि मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भरलेला सिलिंडर बंद गाडीत किंवा गच्चीवर ठेवू नका.

स्प्रिंगच्या रायफलीला हवेचा काटा नाही, पण तिचा झटका दोन्ही बाजूंना असतो. त्यामुळे तिचे स्क्रू सगळ्यात लवकर ढिले होतात. हिच्या आत कोणी "गुळगुळीत चालावी" म्हणून तेल सोडलं असेल, तर दाबाच्या उष्णतेनं ते पेटतं: मोठा आवाज, तोंडातून धूर, छर्रा वाटेल तिकडे आणि सील खराब. असं झालं तर मारणं थांबवा.

सहावी तपासणी: बटाचे स्क्रू

आता पाना. गणपतीनंतरच्या रायफलींचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

लाकूड पावसात पाणी पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात सुकून आकसतं. मे महिन्यात घट्ट केलेला स्क्रू ऑगस्टमध्ये लाकडाला जास्तच दाबतो, लाकूड त्या दाबाखाली थोडं चेपतं. मग ऑक्टोबरचं ऊन पडलं, लाकूड आकसलं की तोच स्क्रू ढिला. रायफलीचा लोखंडी भाग लाकडी बटात दर झटक्याला केसभर सरकायला लागतो. कागदावर हे कधी पसरलेल्या ग्रुपसारखं दिसतं, कधी दोन ग्रुपांसारखं. अ‍ॅल्युमिनियमच्या बटाला ओलाव्याचा त्रास नाही, पण त्याचेही स्क्रू ढिले होतात.

मापाची अ‍ॅलन की घ्या. घासलेली, गोलावलेली की वापरू नका. स्क्रूचं डोकं खराब झालं की पुढे ड्रिल लावावं लागतं. आधी दोन्ही स्क्रू जागेवर आणा, मग आलटून-पालटून पाव-पाव फेरा घट्ट करा. किती घट्ट, ते रायफलीच्या पुस्तिकेत आकड्यात दिलेलं असतं; टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) असेल तर त्याच आकड्यावर थांबा. पाना नसेल तर अ‍ॅलन कीची लांब बाजू भोकात घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी वळवा, म्हणजे हाताला फार जोर मिळत नाही. फार घट्ट केलं तर लाकडाला चीर जाते आणि वाकलेल्या बटावर नळी दर वेळी वेगळी बसते.

घट्ट केल्यावर पहिले पाच-सात छर्रे हिशेबात धरू नका, ते जागेवर बसायला लागतात. मग नवा कागद, पाच छर्रे. आता ग्रुप घट्ट आहे आणि सरकत नाही, पण जागा थोडी वेगळी आहे? आता नॉब फिरवा. आता त्या क्लिकला अर्थ आहे. कुठल्या दिशेला किती क्लिक, तारीख घालून लिहा.

आणि ओलाव्यासाठी: कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रायफल बाहेरच्या भिंतीला लागून नको, आणि गणपतीत दहा दिवस सराव बंद असला तरी एकदा कव्हर उघडून सुक्या कापडानं पुसून हवा लागू द्या. आरती झाल्यावर पाच मिनिटं लागतात.

सातवी तपासणी: नळी

एअर रायफलीची नळी मी क्वचित साफ करते. फेल्टच्या छोट्या गोळ्या मागून आत घालून दोन-तीन वेळा मारायच्या, करड्या निघायच्या थांबल्या की झालं. पितळी ब्रश एअर रायफलीत घालू नका. ०.२२ मात्र बोल्टच्या बाजूनं साफ करतात, तोंडाकडून रॉड घालून नाही. तोंडाचा काठ घासला गेला की ग्रुप कायमचा बिघडतो. साफ केल्यावर दोन्हीत पहिले काही छर्रे वेगळे पडतात. ते दोष म्हणून मोजू नका.

तोंडाचा काठ बघायला कापसाची काडी घ्या. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, फ्लॅग काढण्याआधी पुन्हा चेंबर बघा. काडी काठावरून गोल फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे ओरखडा किंवा बारीक खवला आहे. तो तुम्ही घासायचा नाही.

इथे थांबा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पाना खाली ठेवा. रायफल रिकामी करा, तिच्यावर चिठ्ठी लावा आणि माहीतगाराकडे द्या.

रिकामी रायफल कॉक करून बटावर हलकी टिचकी मारली आणि ट्रिगर सुटला. हा झीरोचा दोष नाही, जिवाचा आहे. ट्रिगरच्या आतल्या भागाला मी स्वतःही हात लावत नाही, ते काम मेकॅनिकचंच.

सिलिंडरमधून हवेचा सूं असा आवाज येतो, किंवा सिलिंडरवर ओरखडा, पोचा, गंज आहे, किंवा त्याच्यावर कोरलेली मुदत संपली आहे. मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत सहसा बनवल्यापासून दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर चांगला दिसला तरी भरू नका. रेग्युलेटर उघडू नका. आत २०० बार दाब असू शकतो.

बटाच्या मनगटाशी, म्हणजे ट्रिगरच्या मागे हात धरतो तिथे चीर. डिंक लावून चालत नाही.

नळीच्या तोंडाला खवला, नळीत गंजाचे खड्डे.

०.२२ मध्ये ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही: तोंड टार्गेटकडे धरूनच किमान ३० सेकंद थांबा, मग उस्तादांच्या देखरेखीत बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला आणि टार्गेटवर भोक नाही: गोळी नळीत अडकलेली असू शकते. दुसरी गोळी मारायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आणि रायफल एनसीसीची, पोलिसांची किंवा कुठल्याही संस्थेची असेल तर फक्त पहिल्या चार तपासण्या तुमच्या, त्याही उस्तादांसमोर. पाना त्यांचा. ०.२२ सारख्या बंदुकीची दुरुस्ती करायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, तो नसलेल्या ओळखीच्या माणसाकडे "जरा बघून दे" म्हणून नेऊ नका. माझ्याकडे कोणी ०.२२ घेऊन आलं तर मी कागदावरचा ग्रुप बघून काय वाटतं ते सांगते, रायफल परत कव्हरमध्ये ठेवायला लावते आणि परवानाधारक दुकानाचा रस्ता दाखवते.

परवा आणखी एक मुलगा आला, ग्रुप वर-डावीकडे, पाच दिवसांत सरकलेला. मी काही विचारायच्या आधीच त्यानं मोबाइल पुढे केला: साइटच्या आकड्यांचा फोटो, सहा पांढऱ्या रेघांचे फोटो आणि चीक पीसवरची तुटलेली रेघ. "मावशी, नॉबला हात लावला नाही. फक्त ही की द्या."